एकाच गुहेत उरलेले वटवाघूळ : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात कोलारच्या पर्णनासिक, म्हणजे नाकावर पानासारखी कातडीची घडी असलेल्या, वटवाघळावर एक टिपण होते. कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्यात हनुमनहळ्ळी गावाजवळ ग्रॅनाइटच्या टेकडीत एक गुहा आहे. आज या वटवाघळाची ठाऊक असलेली वस्ती तेवढीच, दीडशे ते दोनशे जिवांची, आणि तिला धोका आहे तो भोवतालच्या ग्रॅनाइटच्या खाणींचा. टिपणावर आलेल्या पत्रांतले निम्मे प्रश्न कोलारचे, निम्मे आपापल्या गावच्या गुहांचे आहेत. दोन्हींची उत्तरे एकत्रच देत आहोत.

प्रश्न : कोलारच्या टेकड्यांत शेकडो कपारी आहेत. मग हे वटवाघूळ एकाच गुहेला धरून का बसले आहे? धोका दिसतो आहे तर दुसरीकडे का जात नाही? (बंगळुरू)

कपारी शेकडो असतील, पण त्याच्या कामाच्या नाहीत. पर्णनासिक वटवाघळे छताला मोकळी लोंबकळतात. घरांच्या फटींत राहणाऱ्या पाकोळ्यांसारखे त्यांना सरपटत फटीत शिरता येत नाही, कारण त्यांचे मागचे पाय फक्त टांगून राहण्यापुरते असतात. म्हणजे आत उडत शिरता येईल, उडताउडताच वळता येईल आणि छत साप-मांजरांच्या आवाक्याबाहेर असेल अशी पोकळी त्यांना लागते.

दुसरी अडचण पाण्याची. कोलारच्या या वटवाघळाचा हात कोपरापासून मनगटापर्यंत चार सेंटिमीटरच्या आसपास भरतो. इतक्या लहान देहाच्या मानाने पंखांचा उघडा पडदा फार मोठा असतो आणि त्यातून पाणी सतत उडून जाते. कोरड्या, वाऱ्याच्या जागेत बारा तास टांगून राहिले, तर संध्याकाळी उडण्याची ताकदच उरत नाही. कोलारचा मुलूख मुळात कोरडा. चैत्र-वैशाखात वरवरच्या कपारी तापतात आणि दिवस-रात्रीच्या तापमानात मोठा फरक पडतो. खोल, दमट आणि वारा न खेळणारी पोकळी अशा टेकडीत एखादीच असते. ती मोडली की शेजारच्या कपारी असून नसल्यासारख्या.

तिसरे कारण पंखांचे. ते आखूड आणि रुंद आहेत. झुडपांमधून सावकाश, गिरक्या घेत उडायला उत्तम, पण लांबच्या मजला मारायला नाहीत. म्हणून गुहेभोवतीचे काटेरी रान हा गुहेचाच भाग समजायला हवा. गुहा राखली आणि भोवतालचे रान साफ करून सपाट केले, तर आत राहणाऱ्यांनी खायचे कुठे?

या जातीचे वर्णन 1994 साली डीटर कॉक आणि एच. आर. भट यांनी केले. भट हे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतले संशोधक. तेव्हा हे वटवाघूळ हनुमनहळ्ळीखेरीज तेरहळ्ळी गावाजवळही मिळत असे. तिथे आता ते नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या (आययूसीएन) यादीत त्याची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ या सर्वांत वरच्या धोक्याच्या वर्गात आहे. पुढे हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठातल्या संशोधकांनी गुहेचा पाठपुरावा केला, आणि कर्नाटक सरकारने गुहेभोवतीची सुमारे 30 एकर जागा राखून ठेवली.

प्रश्न : खाण गुहेपासून दूर असेल तर गुहेला काय होते? दगड तर दुसरीकडचा काढतात. (सोलापूर)

ग्रॅनाइटचा कातळ एकसंध दिसतो, पण त्यात सांधे असतात आणि सुरुंगाचा धक्का त्या सांध्यांतून पुढे सरकतो. गुहेचे छत कोसळणे हा झाला सगळ्यांना दिसणारा परिणाम. त्याहून हळू आणि त्याहून वाईट परिणाम म्हणजे छताला किंवा मागच्या भिंतीला पडलेली नवी भेग. ज्या पोकळीला एकच तोंड होते तिला दोन झाली की वारा वाहू लागतो. एका उन्हाळ्यात आतला दमटपणा जातो. बाहेरून गुहा जशीच्या तशी, आत मात्र एकही वटवाघूळ नाही. खाणवाले अशा वेळी ‘आम्ही गुहेला हात लावलेला नाही’ असे सांगतात, आणि शब्दशः ते खरेही असते.

त्यात या जातीचे प्रजनन सावकाश. पर्णनासिक वटवाघळांची मादी वर्षाला एकच पिलू देते. तिला छातीवरच्या खऱ्या स्तनांखेरीज जांघेजवळ दोन खोटी स्तनाग्रे असतात. त्यांतून दूध येत नाही. आई उडताना पिलू ती तोंडात धरून उलटे लटकते. गुहेत अचानक गलका झाला, टॉर्च फिरला, की माद्या एकदम उडतात, काही पिलांची पकड सुटते आणि ती खाली पडतात. दोनशेच्या वस्तीत एका वर्षाची पिले गेली तर भरून यायला बरीच वर्षे लागतात.

प्रश्न : आमचे गिरिभ्रमण मंडळ एका डोंगरातल्या गुहेतली वटवाघळे मोजू इच्छिते. आत न जाता ती मोजता येतात का? काय साहित्य लागेल? (सातारा)

येतात, आणि आत जाऊन केलेल्या मोजणीपेक्षा ती मोजणी जास्त भरवशाची असते. आत गेल्यावर निम्मी वटवाघळे उडतात, तुम्ही तीच तीच मोजता आणि वर त्यांना त्रास देता.

आधी दिवसाउजेडी बाहेरूनच गुहेची सगळी तोंडे शोधून काढा. वरच्या कातळात हातभर रुंदीचे एखादे भोक असते आणि निम्मी वस्ती तिथून निघून जाते. कुणी बघत नसल्याने आकडा निम्माच येतो. पहिल्या मोजणीत हमखास होणारी चूक ती हीच. प्रत्येक तोंडापाशी दोन माणसे हवीत.

सूर्यास्तापूर्वी निदान अर्धा तास जागेवर बसा. तोंडासमोर नाही, बाजूला, आणि असे की बाहेर पडणाऱ्या वटवाघळामागे आभाळ येईल. काळ्या कातळाच्या पार्श्वभूमीवर दहा मिनिटांनी काहीच दिसत नाही. बोलू नका, सिगारेट नको, अत्तर-डासांची उदबत्ती नको. प्रवाशांच्या मोजणीसाठी असतो तसला हातातला टॅली काउंटर प्रत्येकी एक घ्या. एकाने फक्त बाहेर जाणारी मोजायची, दुसऱ्याने फक्त आत परतणारी. पर्णनासिक वटवाघळे सरळ निघून जात नाहीत. तोंडाशी घिरट्या घालतात, उजेड किती आहे ते अजमावतात, पुन्हा आत जातात. बाहेरच्या आकड्यातून आतला वजा केला तरच खरी संख्या हाती येते. नाहीतर चाळीसची वस्ती सहज दोनशेची होते आणि मंडळाच्या अहवालात तशीच छापून येते.

दर पाच मिनिटांनी दोन्ही आकडे वहीत उतरवा. लागोपाठ दहा मिनिटे बाहेर कुणीच आले नाही तर थांबा. शेजारी तारीख, सूर्यास्ताची वेळ, ढग, वारा, पाऊस आणि चंद्र किती होता हे लिहा. भरपूर चांदणे असेल तर काही जाती उशिरा निघतात. एका संध्याकाळच्या आकड्यावर विसंबू नका. एकाच आठवड्यात तीन संध्याकाळी मोजा आणि तिन्ही आकडे द्या, नुसती सरासरी नको.

टॉर्च लागलाच तर डोक्याला लावायचा मंद, लाल उजेडाचा घ्या आणि तो वहीवरच पडू द्या, गुहेच्या तोंडावर नाही. ऐपत असेल तर अवरक्त (इन्फ्रारेड) दिवा आणि अंधारात टिपणारा कॅमेरा तिपाईवर लावा. नंतर चित्रीकरण सावकाश फिरवून मोजता येते. पण त्याची बॅटरी थंडीत लवकर उतरते, म्हणून जोडीला माणूस ठेवाच.

जात कोणती, हे मात्र अशा मोजणीतून कळत नाही. हनुमनहळ्ळीच्या त्याच गुहेत दुर्गादासांच्या नावाचे दुसरे एक पर्णनासिक वटवाघूळ राहते आणि दोघे अंधारात सारखेच दिसतात. फरक आवाजात आहे. कोलारच्या वटवाघळाची साद 104 किलोहर्ट्झच्या आसपास असते, दुसऱ्याची 170 च्या आसपास. माणसाला ऐकू येते ते जास्तीत जास्त 20 पर्यंत. त्यासाठी ध्वनिमुद्रक हवा, आणि त्याचा नमुना घेण्याचा वेग सादेच्या दुपटीहून जास्त हवा. ऑडिओमॉथसारखे स्वस्त यंत्र सेकंदाला 3,84,000 नमुने घेते, म्हणजे 192 किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज त्यात मावतो. तेच यंत्र 1,92,000 वर ठेवलेत तर 96 च्या वरचे सारे हातचे जाते आणि गुहा रिकामी आहे असा निष्कर्ष निघतो. शिवाय इतका उंच आवाज हवेत लगेच विरतो. काही मीटरच्या पलीकडचे यंत्राला ऐकू येत नाही, म्हणून ते उडण्याच्या वाटेलगत टांगावे लागते. आणि ते पिशवीत घालू नका. पावसाला घाबरून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले कितीतरी ध्वनिमुद्रक रात्रभर प्लॅस्टिकची सळसळच टिपत बसतात.

कधी मोजायचे? नागपूरच्या विज्ञान संस्थेत प्रा. ए. गोपालकृष्ण आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारतीय वटवाघळांच्या प्रजननाचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यातून दिसते की आपल्याकडच्या काही पर्णनासिक जातींची पिले उन्हाळ्यात, एप्रिल-मेच्या सुमारास जन्मतात. त्यामुळे एप्रिल ते जुलै गुहेच्या जवळपास फिरकू नका. एक मोजणी फेब्रुवारीत, दुसरी ऑक्टोबरात, दरवर्षी त्याच आठवड्यात. पाच वर्षांनी तुमच्याकडे असे काहीतरी असेल जे महाराष्ट्रातल्या बहुतेक गुहांबद्दल कुणाकडेच नाही.

प्रश्न : आमच्या गावच्या गुहेत रात्री दारू पिणारे आणि दिवसा रील करणारे येतात. ग्रामपंचायत लोखंडी दार लावायला तयार आहे. वटवाघळांना चालेल असे दार कसे करावे? (खानापूर, जि. बेळगावी)

आधी तुमच्याच तालुक्यातली एक गोष्ट. कृष्णापूरजवळच्या बारापेडे गुहेत रॉटनचे मुक्तपुच्छ, म्हणजे शेपटी पडद्याबाहेर मोकळी असलेले, वटवाघूळ राहते. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ऑल्डफील्ड थॉमस यांनी 1913 मध्ये त्याचे वर्णन केले, आणि पुढे कित्येक दशके ही जगातली त्याची एकमेव ठाऊक जागा होती. नंतर मेघालयात आणि कंबोडियात ते सापडले. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या यादीत, ते आहे. या वटवाघळाचे पंख लांब आणि अरुंद. ते वेगाने, सरळ उडते आणि अडथळ्यापुढे थबकून वळणे त्याला जमत नाही. अशा जातीच्या गुहेला कसलेही दार लावू नये. मुक्तपुच्छ वटवाघळांनी दार लावलेली गुहा सोडून दिल्याची उदाहरणे परदेशांत आहेत. तिथे उपाय एकच, तोंडापासून दूर कुंपण आणि पगारी राखणदार.

तेव्हा पंचायतीने वेल्डरला बोलावण्याआधी आत कोण राहते ते वनविभागाकडून किंवा जाणकाराकडून ठरवून घ्यावे. सावकाश उडणारी, रुंद पंखांची पर्णनासिक किंवा नालनासिक (नाकावर घोड्याच्या नालेसारखी घडी असलेली) वटवाघळे असतील तरच दाराचा विचार करा.

दाराचे गज आडवे हवेत, उभे नकोत. वटवाघूळ पंख पसरून आडव्या फटीतून जाते. उभ्या गजांत पंख अडकतात. दोन आडव्या गजांमधले मोकळे अंतर 15 सेंटिमीटर ठेवा. ते 10 केले की वटवाघळे अडतात, 20 केले की बारीक अंगाचा माणूस आत जातो. उभे आधार कमीत कमी, एकमेकांपासून 60 सेंटिमीटरहून जास्त अंतरावर. जाळी अजिबात नको, कोंबड्यांची नको आणि ‘फक्त खालच्या भागाला’ सुद्धा नको. सळई भरीव घ्या. पोकळ नळी हॅकसॉने पाच मिनिटांत कापली जाते.

खाली सिमेंटचा कट्टा बांधू नका. गुहेतली थंड हवा जमिनीलगत बाहेर वाहते. फूटभर उंचीचा कट्टासुद्धा ती अडवतो आणि आतले तापमान बदलते. अनेक दारांचे वाटोळे लोखंडामुळे होत नाही, या कट्ट्यामुळे होते. गवंडी तो ‘मजबुतीसाठी’ न विचारता घालतो, म्हणून कामाच्या वेळी कुणीतरी उभे राहा. चौकट तोंडाच्या सर्वांत अरुंद जागी बसवू नका. तिथे वटवाघळांची आधीच गर्दी होते आणि टपून बसलेल्या घुबडाला किंवा मांजराला आयतेच सापडते. तोंड रुंद असेल तिथे, पूर्ण उंचीभर. एक गज कुलपाने निघेल असा ठेवा, आत कुणी अडकले तर बाहेर काढता आले पाहिजे.

लोखंड आणण्याआधी चाचणी घ्या. बांबूच्या काठ्या किंवा पीव्हीसीचे पाइप त्याच अंतराने सुतळीने बांधून एक खोटे दार उभे करा आणि चार-पाच संध्याकाळी वर सांगितल्याप्रमाणे मोजा. पहिल्या संध्याकाळी थोडा गोंधळ दिसेलच. पण तिसऱ्या-चौथ्या संध्याकाळीही वटवाघळे दारापर्यंत येऊन मागे फिरत असतील, गजांवर आपटत असतील, किंवा निम्मी बाहेरच पडत नसतील, तर सुतळी कापा आणि दाराचा विषय मिटवा. सगळे ठीक दिसले तर काम सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरात, पिले उडू लागल्यावर करा. वेल्डिंग शक्यतो दुसरीकडे करून आणा आणि जागेवर फक्त नट-बोल्टने जोडा. वेल्डिंगचा धूर आत ओढला गेला तर एका दुपारीच वस्ती उठते.

गुहा पुरातत्त्व खात्याच्या हद्दीत किंवा वनजमिनीवर असेल तर लेखी परवानगीशिवाय खड्डाही खणू नका. आणि ‘येथे दुर्मीळ वटवाघळे आहेत’ असा फलक रस्त्यावर लावू नका. रीलवाल्यांना तो पत्ताच होईल.

प्रश्न : गुहेतल्या लेंडीचे खत उत्तम असते असे ऐकले. गोळा करावे का? (जळगाव)

खत चांगले आहे, यात वाद नाही. पण लहान गुहेत ते घेऊ नये असेच आम्ही सांगू. त्या थरावर किडे, कोळी, बुरशी यांचे सगळे बिऱ्हाड चाललेले असते. मोठ्या गुहेतून परंपरेने काढत असाल तर नोव्हेंबर-डिसेंबरात, रात्री वटवाघळे बाहेर गेल्यावर, तासाभरात आटोपेल इतकेच, आणि निम्मा थर जागेवर सोडून. सुकी लेंडी झाडूने उडवू नका. तिच्या धुळीत हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी असू शकते आणि ती फुप्फुसात जाते. आधी पाणी शिंपडा आणि एन-95 मास्क लावा. रुमालाने काही अडत नाही.

प्रश्न : महाबळेश्वरच्या गुहेत निपाह सापडला होता. मग गुहेतली वटवाघळे हाकलून लावणेच शहाणपणाचे नाही का? (पुणे)

मार्च 2020 मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतून पकडलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला निपाहच्या खुणा मिळाल्या आणि 2021 मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्यात प्रामुख्याने गुहेत राहणारे एक फळे खाणारे वटवाघूळ होते. वटवाघळांत विषाणूच्या खुणा मिळणे आणि माणसांत साथ येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधे लाळ, उष्टे फळ किंवा थेट हाताळणी यांसारखी वाट लागते. ती वाट बंद करायला गुहेत न जाणे आणि चोच-दाताच्या खुणा असलेली पडकी फळे न खाणे पुरते. धूर किंवा फटाके लावून गुहा उठवलीत तर तीच वटवाघळे पांगून तुमच्या वाड्यात, शाळेच्या पोटमाळ्यावर येतील. कोलारचे वटवाघूळ किडे खाते, फळांना तोंड लावत नाही. पण भीतीने मारलेला दगड फळखाऊ आणि कीटकखाऊ असा भेद करत नाही.

प्रश्न : एक वटवाघूळ तासाला हजार डास खाते, हे खरे का? (नाशिक)

हा आकडा अमेरिकेतल्या 1960 च्या एका प्रयोगातून आला. बंद खोलीत भरपूर डास सोडले होते, थोड्या मिनिटांत वटवाघळाचे वजन किती वाढले त्यावरून तासाचा हिशोब मांडला होता. मोकळ्या रानात वटवाघूळ जे मिळेल ते खाते : पतंग, भुंगेरे, वाळवीचे पंखवाले किडे, आणि डासही. शेतकऱ्याला त्याचा फायदा आहे. हजार डासांचे आश्वासन देऊन मात्र गुहा वाचवायला जाऊ नका. गावात डास तसेच राहिले की लोक तुमच्यावरचा विश्वास काढून घेतील.

प्रश्न : कोलारची काही वटवाघळे पकडून दुसऱ्या सुरक्षित गुहेत सोडली तर? किंवा प्राणिसंग्रहालयात पैदास? (ठाणे)

जवळ सोडली तर ती रात्रीत परत येतील. लांब सोडली तर त्यांना ना निवारा ठाऊक, ना चरण्याच्या जागा. पैदासही सोपी नाही. उडत्या किड्यांवर जगणाऱ्या पर्णनासिक वटवाघळाला ताटलीतल्या अळ्या खायला शिकवणे जिकिरीचे असते, आणि शिकेपर्यंत बरीच दगावतात. दीडशेच्या वस्तीतून अशा प्रयोगासाठी वीस काढणे आम्हाला मुळीच पटत नाही. तोच पैसा राखणदाराच्या पगारावर आणि गुहेभोवतीच्या रानावर खर्च व्हावा.

प्रश्न : रात्री घरात वटवाघूळ शिरले तर काय करावे? (चिपळूण)

सर्वात आधी पंखा बंद करा. पात्याने कापून मरणारी वटवाघळे खूप असतात. मग दिवे मालवा, आतल्या खोल्यांची दारे लावा, बाहेरच्या खिडक्या सताड उघडा आणि वीस मिनिटे खोलीतून निघून जा. झाडूने मारू नका. खाली पडलेले असेल तर जाड चामड्याचे हातमोजे घालून किंवा वर खोका ठेवून खालून पुठ्ठा सरकवा, आणि अंधार पडल्यावर खडबडीत भिंतीवर किंवा झाडाच्या सालीवर माणसाच्या उंचीइतके वर टेकवा. जमिनीवर ठेवलेत तर मांजर नेईल. उघड्या हाताने धरू नका. दात किंवा नख लागले, अगदी पुसट ओरखडा असला तरी, जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी सरकारी दवाखाना गाठा. हळद, चुना, तंबाखू काही लावू नका.